बाळाच्या खाण्यात बदाम, काजू, अक्रोड: पहिल्या चाटणापासून पुढे

बाळाचं वरचं खाणं सुरू झालं की सुकामेव्याचा विषय निघतोच, आणि घरात लगेच दोन तट पडतात. एकाला बदाम घशात अडकेल याची धास्ती, दुसऱ्याला अ‍ॅलर्जीची. दोन्ही धास्ती खऱ्या आहेत. घोळ होतो तो दोन्ही एकत्र कालवल्यामुळे, कारण त्यांची उत्तरं नेमकी उलट आहेत. घशात अडकतो तो बदामाचा आकार आणि कडकपणा. तिथे थांबायचं, आणि तेही चांगली चार-पाच वर्षं. अ‍ॅलर्जी येते ती बदामातल्या प्रथिनाची. तिथे थांबून काही मिळत नाही, उलट नुकसान होऊ शकतं. थोडक्यात, अख्खा बदाम नको, पण बदामाची पातळ पेस्ट सहाव्या महिन्याच्या आसपास जरूर द्यावी.

इथे सुकामेवा म्हणजे बदाम, काजू, अक्रोड, पिस्ता, हेझलनट, पिकान, ब्राझील नट आणि मॅकाडेमिया. मनुका, खजूर, जर्दाळू यात धरलेले नाहीत. शेंगदाणा शेंगवर्गातला, त्याची अ‍ॅलर्जी वेगळी. पण तो द्यायची रीत जवळपास हीच.

आधीचा सल्ला का बदलला

तुमच्या आईवडिलांना किंवा मोठ्या बहिणीला डॉक्टरांनी "तीन वर्षांपर्यंत दाणे-बदाम नको" असं सांगितलं असेल, तर ते चुकीचं ऐकून आलेले नाहीत. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २००० साली, ज्यांच्या घरात अ‍ॅलर्जीचा इतिहास आहे अशा बाळांसाठी हाच सल्ला दिला होता. पण लांबवून अ‍ॅलर्जी टळते याला पुरावा सापडेना, म्हणून २००८ साली त्याच संस्थेने तो मागे घेतला. मग २०१५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गिडियन लॅक यांच्या गटाचा 'लीप' हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि चित्र पालटलं. त्यात तीव्र एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजते, लाल होते तो विकार) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं होती. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत अजिबात नाही. सुरुवातीच्या त्वचा-चाचणीत शेंगदाण्याला प्रतिसाद न दिलेल्या बाळांपैकी, न खाणाऱ्यांमध्ये १३.७ टक्क्यांना अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्यांमध्ये फक्त १.९ टक्क्यांना.

हा प्रयोग शेंगदाण्याचा होता, हे विसरायचं नाही. बदाम-काजू-अक्रोडावर या तोडीचा पुरावा नाही. तरीही आज बहुतेक तज्ज्ञ संस्था सुकामेवाही पहिल्या वर्षातच सुरू करा असं सांगतात, आणि त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे.

एखाद्या प्रथिनाशी शरीराची पहिली ओळख कुठून होते यावर बरंच अवलंबून असतं. तोंडावाटे, आतड्यातून ओळख झाली तर रोगप्रतिकारक यंत्रणा त्याला 'अन्न' म्हणून स्वीकारण्याकडे झुकते. तेच प्रथिन एक्झिमाने फुटलेल्या, कोरड्या त्वचेतून आत शिरलं तर ती त्याला शत्रू मानू शकते. घरात मोठी माणसं काजू-बदाम खातात, त्यांची धूळ चादरीवर, सतरंजीवर, हातांना असतेच. म्हणजे बाळाला 'दिलं नाही' म्हणून संपर्क टळत नाही. तो फक्त चुकीच्या दाराने होतो. एक्झिमा असलेल्या बाळाच्या बाबतीत त्वचा नीट मऊ ठेवणं हाही या कामाचाच भाग आहे. आणि बाळाच्या गालावर किंवा मनगटावर पेस्ट चोळून 'चाचणी' करायची कल्पना डोक्यातून काढून टाका. ती काही सांगत नाही, वर नको तो संपर्क घडवते.

आधी डॉक्टरांशी कुणी बोलायचं

सगळ्यांनीच तपासण्या करून घ्यायची गरज नाही. बहुतेक बाळांना घरीच सुरुवात करता येते. पण बाळाला तीव्र एक्झिमा असेल (रोज मलम लागतं, झोपमोड होते, त्वचा पाझरते, या थराचा), किंवा अंडं, दूध, शेंगदाणा अशा एखाद्या पदार्थाला आधीच रिअ‍ॅक्शन आली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पहिला चमचा देऊ नका. ते कदाचित त्वचेची चाचणी करतील, कदाचित पहिली मात्रा दवाखान्यात द्यायला सांगतील, कदाचित काहीच नाही. यात महिनोन्‌महिने घालवू नका, एवढंच. अपॉइंटमेंट लवकरची घ्या.

भावंडाला अ‍ॅलर्जी असेल तर? बाळाला ती असेलच असं नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी लांबवणंही बरं नाही. पण अशा घरात डॉक्टरांशी एकदा बोलणं शहाणपणाचं, कारण तिथे प्रश्न मोठ्या मुलाच्या सुरक्षेचाही असतो: बाळाचा उष्टा चमचा, बाळाचे बरबटलेले हात.

'सगळ्या अ‍ॅलर्जींची' एकदाच रक्ततपासणी करून मोकळं व्हावं, असा मोह होतो. ती करू नका. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं दिसणं आणि तो पदार्थ खाऊन त्रास होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कितीतरी मुलांचा रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' येतो आणि ती तो पदार्थ निवांत खातात. मग रिपोर्टला घाबरून तो बंद केला जातो, आणि न खाण्यामुळेच पुढे अ‍ॅलर्जीची वाट मोकळी होते.

आई अंगावर पाजत असेल तर तिने सुकामेवा टाळायची गरज नाही.

बाळ तयार आहे का

साधारण सहा महिने हा अंदाज. चार महिन्यांच्या आत कधीच नाही. कॅलेंडरपेक्षा बाळाकडे बघा. मान पक्की धरतं का, आधार देऊन बसवलं तर बसतं का, चमचा तोंडात गेल्यावर जिभेने सगळं बाहेर ढकलणं कमी झालंय का. दोन-चार साधे पदार्थ, म्हणजे मऊ शिजवलेली भाजी, फळांचा गर, पातळ लापशी, सवयीचे झालेले असावेत. सुकामेवा हा पहिलावहिला घास नसावा, कारण बाळ नुसतं गिळायला शिकत असताना ठसका कशाचा आणि रिअ‍ॅक्शन कशाची, हे ओळखणं अवघड जातं.

सुरुवात कुठल्यापासून

तुमच्या घरात जे नेहमी खाल्लं जातं त्यापासून. जे घरात आहे तेच पुढे नियमित दिलं जाईल, आणि नियमितपणाच महत्त्वाचा आहे. हौसेने आणलेल्या मॅकाडेमियाच्या बाटलीतून दोन चमचे देऊन ती फ्रीजच्या मागच्या कप्प्यात विसरली जाणार असेल, तर तिचा उपयोग नाही.

घरात सगळंच येत असेल तर मी काजू आणि अक्रोड लवकर उरकून घ्या म्हणेन. काजू आणि पिस्ता यांची प्रथिनं एकमेकांच्या इतकी जवळची आहेत की एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला बहुधा दुसऱ्याचीही असते. अक्रोड आणि पिकानचं तसंच. त्यामुळे काजू सुखरूप पचला तर पिस्त्याची काळजी बरीच कमी होते (पिस्ताही पहिल्यांदा थोडाच द्यायचा, हे आहेच). शिवाय काजूची अ‍ॅलर्जी असली तर ती अगदी थोड्या मात्रेलाही जोरात उठू शकते, म्हणून तो पाहुण्यांच्या गर्दीत कुणाच्या तरी हातून पहिल्यांदा तोंडात जाण्यापेक्षा तुमच्या नजरेसमोर जावा.

प्रत्येक प्रकार स्वतंत्रपणे आणायचा. 'मिक्स नट' पावडरी मिळतात, सोयीच्याही वाटतात. पण पहिल्या ओळखीसाठी त्या नकोत. पुरळ उठलं तर आठांपैकी कुणामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. सगळे प्रकार एकेक करून पचल्यावर मिश्रण खुशाल वापरा.

पेस्ट कशी करायची

विकतची घेतली तर फक्त एकच गोष्ट बघा: घटकांच्या यादीत त्या एका सुकामेव्याशिवाय काही नसावं. साखर नको, मीठ नको, 'क्रंची' नको. मध तर नकोच. एक वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा स्नायू लुळे करणारा गंभीर आजार होऊ शकतो. हेझलनटचं चॉकलेट स्प्रेड ही मुख्यतः साखर आणि तेल असते, तिला या कामात धरू नका.

घरी करायची तर बदाम किंवा काजू आधी नीट निवडून घ्या. सुरकुतलेला, डागाळलेला, बुरशीचा वास येणारा दाणा बाजूला काढा. बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष साध्या भाजण्या-शिजवण्याने जात नाही. अक्रोड लवकर खवट होतो, म्हणून चावून बघा; जिभेला कडसर, जुनाट तेलासारखा लागला तर टाकून द्या. कडू बदाम तर मुळीच वापरू नका. त्यांतून सायनाइड तयार होतं आणि लहान मुलाला थोडेसेही बाधू शकतात.

बदाम रात्रभर भिजवून सालं काढा, मग थोडं पाणी घालून मिक्सरमध्ये वाटा. काजू दोन तास भिजला तरी पुरतो. मिक्सर थांबवून, कडेचं खाली ओढून, पुन्हा फिरवा. हे तीन-चार वेळा करावं लागतं. मग दोन बोटांच्या चिमटीत थोडी पेस्ट घेऊन घासून बघा. रवाळ लागली तर अजून फिरवा, नाहीतर बारीक गाळणीतून चमच्याने दाबून काढा. गाळणीवर जे कण उरतात ते बघितले की हा खटाटोप का करायचा ते पटतं: ते ओले असले तरी टणकच असतात. भिजवलेली पेस्ट एक-दोन दिवसांत संपवा. जास्त झाली तर बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीजरमध्ये ठेवा.

बाटलीतलं दाट नट बटर वापरत असाल तर ते तसंच चमच्याने बाळाच्या तोंडात द्यायचं नाही. ते टाळूला आणि घशाला चिकटतं आणि बाळाला हलवता येत नाही; हाही गुदमरायचाच प्रकार आहे. पाव चमचा बटर वाटीत घेऊन त्यात थोडं थोडं कोमट पाणी, आईचं दूध किंवा फॉर्म्युला घाला. सुरुवातीला ते आणखीच घट्ट होऊन त्याचा गोळा बनतो. घाबरू नका, ढवळत राहा. आणखी थोडं द्रव गेलं की ते एकदम सैल होतं. चमचा तिरका केल्यावर सावकाश ओघळायला लागलं की झालं. मग ते बाळाच्या सवयीच्या एखाद्या गरात किंवा लापशीत मिसळा.

पूड वापरायची तर ती मैद्याइतकी बारीक हवी आणि ओल्या पदार्थात पूर्ण मुरलेली हवी. कोरडी पूड वरून भुरभुरवली की ती श्वासाबरोबर आत जाते आणि ठसका लागतो.

पहिला दिवस

बाळ ठणठणीत असेल तो दिवस निवडा. ताप, सर्दी, जुलाब असताना नको, आणि लसीच्या दिवशीही नको. लसीशी त्याचं वैर आहे म्हणून नव्हे, तर रात्री अंग तापलं किंवा बाळ किरकिरलं तर कारण कळत नाही. सकाळची वेळ धरा. पुढचे दोन तास बाळ जागं असेल, तुम्ही घरी असाल, शक्यतो घरात दुसरं मोठं माणूस असेल. झोपेच्या आधी किंवा प्रवासात नवा पदार्थ नको. त्या दिवशी दुसरं नवीन काहीही नको.

तुमच्या भागातला रुग्णवाहिकेचा क्रमांक फोनमध्ये असू द्या. बाळाचं तोंड, हनुवटी आणि गालांवर व्हॅसलिनसारखं काही पातळ लावून ठेवा, म्हणजे सांडलेलं अन्न थेट त्वचेला लागत नाही. लाळेरं बांधा, बाळाला ताठ बसवा.

चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच द्या. मग दहा मिनिटं थांबा. या दहा मिनिटांत बाळाशी खेळा, पण चेहरा, कान, पोट यांवर नजर ठेवा. काही झालं नाही तर उरलेलं द्या. पहिल्या दिवशी एकूण पाव चहाचा चमचा नट बटर पुरे. घरची भिजवलेली पेस्ट पाण्यामुळे पातळ असते, ती अर्धा चमचा चालेल. बाळाने तोंड फिरवलं तर जबरदस्ती नाही. दोन तास लक्ष ठेवा आणि दिवस नेहमीसारखा जाऊ द्या.

वहीत किंवा फोनमध्ये तारीख, पदार्थ, किती दिलं, किती वाजता, एवढं लिहून ठेवा. आठ प्रकार, प्रत्येकाच्या तीन मात्रा, त्यात दोन माणसं भरवणारी. आठवणीवर भरवसा ठेवला तर घोळ ठरलेला.

काय दिसलं तर काय समजायचं

अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते.

फक्त तोंडाभोवती, जिथे अन्न लागलं तिथेच लालसर झालं आणि पुसल्यावर अर्ध्या तासात गेलं, तर ती बऱ्याचदा नुसती त्वचेची चुरचुर असते. आंबट फळांनीही असं होतं. अशा वेळी त्या दिवशी थांबा, फोटो काढा आणि डॉक्टरांना विचारून पुढे जा. मात्र अन्न जिथे लागलंच नाही तिथे, पोटावर, पाठीवर, मांड्यांवर पित्तासारख्या गांध्या उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले, एक-दोन उलट्या झाल्या, तर ती अ‍ॅलर्जी धरून चाला. खाणं बंद करा, तोंड-हात पुसा, लगेच डॉक्टरांशी बोला आणि बाळाला एकटं सोडू नका, कारण सौम्य सुरुवात पुढे वाढू शकते. तो पदार्थ 'बघू या पुन्हा' म्हणून घरी परत द्यायचा नाही.

आणीबाणी ओळखायची ती श्वासावरून आणि अंगातल्या त्राणावरून. सतत खोकला, छातीत घरघर, श्वास घेताना आवाज, घोगरं रडणं, जीभ सुजणं, एकाएकी लाळ गळायला लागणं, चेहरा पांढरा पडणं, बाळ कापडासारखं ढिलं होणं, हाक मारून न जागणं. मोठं माणूस 'घसा आवळतोय' असं सांगू शकतं. बाळ फक्त अचानक वेगळं वागतं. यातलं एकही लक्षण दिसलं तर रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांनी आधीच अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच द्या, फोन करण्याच्याही आधी. बाळाला आडवं ठेवा किंवा हातांवर आडवं धरा. खांद्यावर उभं धरून येरझाऱ्या घालू नका, उभ्या स्थितीत रक्तदाब एकदम कोसळू शकतो. श्वासाला फारच त्रास होत असेल तर पाठीला आधार देऊन बसतं ठेवा. अ‍ॅलर्जीचं गोड औषध, म्हणजे अँटिहिस्टामिन, खाज आणि गांध्यांवर चालतं. श्वास अडकला असताना त्यावर विसंबून वेळ घालवणं घातक आहे. इंजेक्शननंतर बाळ हसायला लागलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी लक्षणं परत येऊ शकतात.

हे वाचून हात थरथरत असतील तर एवढं ध्यानात घ्या: पहिल्या घासाला जिवावर बेतण्याचा प्रकार तान्ह्या बाळांमध्ये अतिशय विरळ आहे. त्यांच्या रिअ‍ॅक्शन बहुतेक वेळा गांध्या आणि उलटी यांवरच थांबतात. याच वयात, घरच्या देखरेखीखाली ओळख करून द्यावी म्हणतात त्यामागे हेही एक कारण आहे.

एक वेगळा प्रकारही असतो, फारसा माहीत नसलेला. खाल्ल्यावर एक ते चार तासांनी बाळ पुन्हा पुन्हा उलट्या करतं, फिकट पडतं, मलूल होतं. अंगावर पुरळ मात्र नसतं. पोटाचा संसर्ग समजून तो सोडून दिला जातो. तो सुकामेव्यापेक्षा दूध, तांदूळ, ओट्स अशा पदार्थांनी जास्त दिसतो, पण असं झालंच तर दवाखाना गाठा आणि काय खाल्लं होतं ते सांगा.

दुसरा, तिसरा, विसावा चमचा

पहिला दिवस सुखरूप गेला की लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि तिथेच थांबतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. अ‍ॅलर्जी पहिल्याच चवीला दिसते असं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही दिसू शकते; म्हणून दोन-तीन दिवसांनी तोच पदार्थ अर्धा चमचा, मग पुन्हा दोन-तीन दिवसांनी एक चमचा, असं चढत जायचं. तीनदा निभावलं की तो पदार्थ 'पचला' म्हणायचं आणि पुढचा प्रकार हाती घ्यायचा.

पचलेला पदार्थ आहारातून गायब होऊ द्यायचा नाही. आठवड्यातून दोनदा, साधारण एक चमचा, ही सवय ठेवायची. एकदा-दोनदा चव देऊन महिनोन्‌महिने बंद करणं हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत वाईट शेवट आहे. पाच-सहा प्रकार झाल्यावर प्रत्येकासाठी वेगळा वार पाळणं कुणालाच जमत नाही, जमवूही नका. सगळे पचलेले प्रकार एकत्र दळून बारीक पूड करा, घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा आणि रोजच्या लापशीत चमचाभर कालवा. बाळाला एखादी चव आवडली नाही तर ती गोड फळाच्या गरात लपते. अक्रोडाचा तुरटपणा केळ्यात कळतही नाही.

एखाद्या प्रकाराची अ‍ॅलर्जी निघालीच तर बाकीचे सगळे आपसूक बंद होत नाहीत. काजूची अ‍ॅलर्जी म्हणजे बदामाची नव्हे. जे आधीच पचलेत ते देत राहायचे की नाही, न दिलेले कुठे आणि कसे द्यायचे, हे अ‍ॅलर्जीतज्ज्ञांबरोबर ठरवा. 'आता सगळंच नको' हा निर्णय परस्पर घेऊ नका. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी साधारण पाचांतल्या एका मुलाची पुढे जाते, सुकामेव्याची दहांतल्या एकाच्या आसपास, त्यामुळे अधूनमधून तपासणी करणंही त्यांच्याच सल्ल्याने.

दोन किरकोळ गोष्टी. ब्राझील नट फार थोडा द्या, तोही क्वचित: एका दाण्यात साधारण ७० ते ९० मायक्रोग्रॅम सेलेनियम असतं आणि ७ ते १२ महिन्यांच्या बाळासाठी दिवसाची कमाल मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. घरात कुणीच खात नसेल तर वगळला तरी हरकत नाही. आणि बदामाचं 'दूध' हे वर्षाच्या आत आईच्या दुधाच्या किंवा फॉर्म्युलाच्या जागी कधीच नको. त्यात बाळाला लागणारी प्रथिनं आणि स्निग्धांश फार कमी असतात.

आकाराचं काय

आता पहिली धास्ती. बाळाला पुढचे दात आले म्हणजे चावता येतं असं नाही. कडक दाणा दळायला दाढा लागतात. पहिल्या दाढा साधारण सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास येतात, मागच्या दोन-अडीच वर्षांच्या आसपास, आणि त्या आल्यावरही नीट चावून गिळायची शिस्त यायला आणखी वर्षं जातात. म्हणून अख्खा, अर्धा किंवा भरड कुटलेला सुकामेवा चार वर्षांच्या आत नाहीच, पाचापर्यंत थांबलात तर उत्तम. चिक्कीसारखा कडक पदार्थ किंवा वर बदामाचे काप टोचलेली मिठाईही यातच आली.

अडकलेला तुकडा प्रत्येक वेळी गोंधळ घालत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. छोटा तुकडा श्वासनलिकेत उतरला तर एकदा जोरात ठसका लागतो, मग बाळ खेळायला लागतं. पण तुकडा आत फुगतो, त्याच्या तेलाने आतला भाग सुजतो, आणि काही दिवसांनी न थांबणारा खोकला किंवा एकाच बाजूची घरघर सुरू होते. ठसक्यानंतर असा खोकला रेंगाळला तर डॉक्टरांना "त्या दिवशी तोंडात दाणा होता" हे आवर्जून सांगा.

घास घशाशी आल्यावर बाळ ओकारी काढतं, खोकतं, लाल होतं, आवाज करतं. तेव्हा त्याला त्याचं करू द्या. आवाजच बंद झाला, रडता येईना, ओठ निळसर पडायला लागले, तर ते गुदमरणं. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच ठोके द्या. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाच वेळा दाबा, आणि आलटून पालटून हे चालू ठेवत मदत बोलवा. तान्ह्याचं पोट दाबायचं नसतं, आणि दिसत नसलेला तुकडा बोटाने चाचपायचा नसतो. बाळ निपचित पडलं तर कृत्रिम श्वास आणि छातीचे दाब लागतात. ते लेखातून शिकण्याची गोष्ट नाही. प्रथमोपचाराचा एखादा वर्ग वरचं खाणं सुरू करण्याआधीच करून टाका, आणि बाळाला जे जे सांभाळतात त्यांनाही पाठवा.

सांभाळणाऱ्यांना हेही सांगून ठेवा की कुठले प्रकार पचलेत आणि कुठले अजून दिलेच नाहीत. फ्रीजच्या दारावर दोन याद्या चिकटवल्या तरी भागतं. दुसऱ्या यादीतलं काहीही तुम्ही घरी नसताना द्यायचं नाही, मग कुणी कितीही प्रेमाने बर्फी पुढे केली तरी.